ग्रुपमध्ये दोनशे जण, देवघेवीला चारच

पत्राचा सारांश : बेळगाव तालुक्यातल्या एका मोठ्या गावातल्या मराठी वाचनालयाच्या ग्रंथपाल लिहितात. (नाव आणि गाव त्यांच्या विनंतीवरून देत नाही.) वय पन्नाशीच्या पुढं, मानधन बेताचं. वाचनालयात पाचेक हजार पुस्तकं, तीन वर्तमानपत्रं आणि दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी. नव्या कार्यकारिणीत तरुण मंडळी आली आहेत आणि त्यांचा धोशा आहे की फेसबुक, इन्स्टाग्राम, रील्स सुरू करा. "पुस्तकं घ्यायला कोण येतंय गा आता? सगळं मोबाइलात हाय की," असं एकानं बैठकीत ऐकवलं. बाईंनी स्वतःच्या नंबरवरून व्हॉट्सॲप ग्रुप काढला. दोनशेच्या वर लोक झाले. त्यात सकाळी फुलं, दुपारी प्लॉटच्या जाहिराती, आणि १ नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक स्थापना दिनाच्या, आसपास सीमाप्रश्नावरून जुंपली. एक ज्येष्ठ कन्नड भाषिक सभासद ग्रुप सोडून गेले, ते वाचनालयातही येईनात. एका शिक्षिकेचा नंबर ग्रुपमधून उचलून कुणीतरी तिला रात्री फोन करू लागला. एक उत्साही सभासद नव्या कादंबऱ्यांच्या पीडीएफ टाकतो आणि कार्यकारिणी म्हणते, बघा, लोकांना हेच हवंय. पुस्तकांची जुनी यादी कुणीतरी श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून ठेवली आहे, ती फोनवर भलत्याच अक्षरांत उघडते. बाई विचारतात : या वयात हे सगळं शिकून काय होणार? सगळं मोबाइलवर मिळालं तर वाचनालयात कोण येणार? मी मागं पडले आहे, की हे सगळं थोतांड आहे?

ताई,

शेवटापासून सुरू करते, कारण पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही ताजा कलम म्हणून लिहिली आहे आणि वरच्या सारांशात ती मी मुद्दाम घेतली नाही. एसएसएलसीचा, म्हणजे दहावीचा, एक मुलगा उसावरच्या लोकरी मावा या किडीवर प्रकल्प करत होता. मोबाइलवर त्याला पुष्कळ सापडलं, पण बहुतेक इंग्रजीत. आपल्या ऊसपट्ट्यात २००२ च्या सुमारास हा मावा आला तेव्हा शेतकऱ्यांनी काय केलं, हे मात्र त्याला कुठं मिळेना. तुम्ही मागच्या कपाटातून त्या वर्षांचे शेतीविषयक मासिकाचे अंक काढून दहा मिनिटांत त्याच्या पुढ्यात ठेवलेत. आणि खाली लिहिलंत, "मला एवढंच येतं."

हे 'एवढंच' तुमच्या कार्यकारिणीच्या हिशेबात कुठंच नाही आणि, राग मानू नका, तुमच्याही नाही. त्यामुळं ऑनलाइन काय न्यायचं याचा विचार दोन्ही बाजूंनी चुकीच्या टोकाकडून सुरू झाला आहे. ऑनलाइन जायचं म्हणजे वाचनालयाची जाहिरात करायची, असं त्या पोरांनीही धरलं आहे आणि तुम्हीही. त्यांना ती हवीशी वाटते, तुम्हाला तिचा संकोच वाटतो. जाहिरातीचा विषय थोडे दिवस बाजूला ठेवा. फोन म्हणजे देवघेवीची दुसरी खिडकी, असं समजा. खिडकीवर काय चालतं? कुणी विचारतं, अमुक आहे का. तुम्ही सांगता, आहे. किंवा बाहेर गेलंय, सोमवारी येईल, तोवर हे घेऊन जा. हे काम फोनवरून चालू लागलं की रील्स वगैरे झाल्या तर झाल्या.

"सगळं मोबाइलवर मिळालं तर कोण येणार?" या भीतीकडे वळते. सगळं मिळत नाही, ताई. आपल्या कायद्यानं लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांचं लेखन २०११ पासून सर्वांना खुलं झालं. त्यानंतरच्या बहुतेकांचं लेखन अजून हक्कांतलं आहे, आणि तुमच्या कपाटांतली बरीचशी पुस्तकं त्याच काळातली असणार. त्यातली कितीतरी आज दुकानातही मिळत नाहीत. म्हणजे ती मोबाइलवर नाहीत, आणि ती तुमच्याकडे आहेत हेही मोबाइलवर नाही. यातली दुसरी गोष्ट आपल्याला बदलता येते.

आणि हे हक्क आहेत म्हणूनच त्या पीडीएफवाल्या सभासदाला थांबवा. तो बिचारा चांगल्या हेतूनं करतो, पण वाचनालयाच्या नावाच्या ग्रुपवरून चालू कादंबरी फिरली आणि प्रकाशकानं तक्रार केली तर पहिलं नाव तुमचं येईल. त्याच्या उत्साहाला दुसरं काम द्या. मराठी विश्वकोश पूर्ण ऑनलाइन आहे, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुष्कळ पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात, विकिस्रोतावर हक्क संपलेलं जुनं साहित्य आहे. यांतून आठवड्याला एक दुवा शोधून दोन ओळींसह पाठव म्हणावं. अजून एक, जे बऱ्याच हौशी लोकांना ठाऊक नसतं : आजची गोष्ट मुलांसाठी संपूर्ण वाचून यूट्यूबवर टाकायलाही परवानगी लागते. मुखपृष्ठाचा फोटो आणि खाली तुमच्या शब्दांत चार ओळी, एवढ्याला कुणी हरकत घेत नाही. प्रकाशकांना तर ते हवंच असतं.

आता यादी. मला विचाराल तर पहिल्या वर्षी एवढं एकच काम झालं तरी पुष्कळ झालं. श्रीलिपीतली यादी बिघडलेली नाही, ती टाकून देऊ नका. त्या काळचे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवायचे, म्हणून तो फॉन्ट नसलेल्या फोनवर कचरा दिसतो. असा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर नीट दिसेल अशा अक्षरांत, बदलून देणारी साधनं इंटरनेटवर मोफत आहेत. आधी एकच पान बदलून बघा. रफार आणि जोडाक्षरं हमखास घोटाळा करतात, तेव्हा कुणीतरी दाखल नोंदवही शेजारी ठेवून तपासायला हवं. फारच चुका निघाल्या तर नव्यानं करा, आणि त्यासाठी टायपिंग यायला पाहिजे असं काही नाही. फोनच्या कीबोर्डवर माइकचं चिन्ह असतं. मराठी निवडून पुस्तकाचं नाव आणि लेखक बोला, तो लिहितो. कधी विनोदी लिहितो, पण लिहितो.

गूगल शीट पुरे. दाखल क्रमांक, नाव, लेखक, विषय, कपाट, एवढे रकाने. लेखकाचं आडनाव आधी, आणि ते सगळीकडे एकाच पद्धतीनं, कारण 'कुळकर्णी' आणि 'कुलकर्णी' हे फोनच्या लेखी दोन वेगळे लेखक आहेत. पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, सुट्टीत दोन मुलं बसली आणि प्रत्येकानं दिवसाला शंभर नोंदी केल्या तर पाच हजार पुस्तकं पंचवीस दिवसांत होतात. धरा दीड महिना, मुलंच ती. मग त्या शीटचा फक्त बघता येईल असा दुवा लोकांना द्या, बदल करण्याची मुभा तुमच्याकडे आणि आणखी एकाकडे असू द्या. सभासदांची नावं, पत्ते, कुणी काय वाचायला नेलं, यातलं काहीही त्या शीटमध्ये येता कामा नये.

कार्यकारिणीतलं कुणीतरी 'कोहा' नावाचं सॉफ्टवेअर सुचवेल. चांगलं आहे, मोफत आहे, मराठीही चालतं, मोठ्या ग्रंथालयांत सर्रास वापरतात. पण ते चालतं ठेवायला सर्व्हर समजणारं माणूस लागतं, आणि असं माणूस आपल्याकडे सहा महिन्यांत पुण्याला किंवा बंगळुरूला जातं. तुमच्या नीट केलेल्या शीटमधून पुढं कधीही कोहात जाता येईल, तेव्हा घाई नको.

आणि यादी होईपर्यंत हातावर हात धरून बसू नका. प्रत्येक फळीचा एक फोटो घ्या, पुस्तकांच्या पाठीवरची नावं वाचता येतील असा, आणि खाली कपाटाचा क्रमांक लिहा. एका दुपारचं काम आहे. बाहेरगावी राहणारा माणूससुद्धा फोटो मोठा करून म्हणेल, "कपाट सात, वरून दुसरी फळी, ते निळं पुस्तक ठेवा माझ्यासाठी." ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. वाचकाचा वेळ वाचवा, हा त्यांतला चौथा. रीलबद्दल त्यांचं काय मत झालं असतं देव जाणे, या फोटोंना मात्र त्यांनी होकार दिला असता.

ग्रुपचं दुखणं वेगळं आहे. सगळ्यात आधी त्या शिक्षिकेचं बघा. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो, आणि गावात बायकांनी ग्रुपमध्ये न येण्याचं हे पहिलं कारण असतं, जे त्या बोलून दाखवत नाहीत. ज्याचा नंबर तिला त्रास देतो त्याला काढा, तिला म्हणावं नंबर ब्लॉक कर, आणि थांबला नाही तर तक्रारीसाठी तिच्याबरोबर कार्यवाहांनी जावं. तुम्ही एकट्यानं हे अंगावर घेऊ नका.

मग ग्रुपची रचनाच बदला. व्हॉट्सॲपवर चॅनेल काढता येतं, त्यात फॉलो करणाऱ्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत आणि लिहायचं फक्त तुम्ही. नवी पुस्तकं, वेळा, सुट्ट्या, व्याख्यानांच्या सूचना तिथं द्या. मागणीसाठी वाचनालयाचा वेगळा नंबर घ्या आणि त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस टाका. नावात बिझनेस असलं तरी ते मोफत आहे आणि वाचनालयाला चालतं. त्यात कामाच्या वेळा भरता येतात, आणि रात्री साडेदहाला कुणी लिहिलं तर "वाचनालय उद्या चारला उघडेल" असं उत्तर आपोआप जातं. लँडलाइन असेल तर त्या नंबरवरही ते सुरू करता येतं, पडताळणीचा आकडा फोन करून सांगतात. तुमचा स्वतःचा नंबर मात्र यातून मोकळा करायलाच हवा. जुन्या ग्रुपवर एक निरोप टाका, आठ दिवस थांबा आणि 'फक्त ॲडमिन लिहू शकतील' ही सेटिंग करून टाका. चार जण रुसतील. रुसू द्या.

सीमाप्रश्नावर मात्र मी "राजकारण नको" एवढं सांगून मोकळी होणार नाही. बेळगावातल्या मराठी वाचनालयानं या विषयावर मौन पाळावं, हे ना शक्य आहे ना योग्य. १ नोव्हेंबरला गावातलं एक घर काळा दिन पाळतं, शेजारचं घर राज्योत्सव, आणि दोन्ही घरांतली मुलं तुमच्या वाचनकक्षात एकाच बाकावर बसतात. अशा दिवशी ग्रुपवर जे फिरतं त्यातलं निम्मं कुणी, केव्हा, कशाच्या आधारावर लिहिलं याचा पत्ता नसतो. इथंच तुमची विद्या कामाला येते. महाजन आयोग १९६६ साली नेमला आणि १९६७ साली त्यानं अहवाल दिला, महाराष्ट्रानं २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, हे न तपासता लोक वर्षंही चुकीची फिरवतात. तुम्ही मत देऊ नका. कुणी काही ठोकून दिलं की एकच विचारा, हे कुठं छापलंय? आणि तुमच्या कपाटात मूळ अहवाल, पुस्तक, कात्रण असेल तर त्या पानाचा फोटो, खाली पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांक. दोन्ही बाजूंची पुस्तकं असतील तर दोन्ही दाखवा. मग वाद झालाच तर वाचलेल्या पानावर होईल, आणि तोही वाचनकक्षात, समोरासमोर. माझ्या अंदाजानं निम्मे लोक तेवढे कष्ट घेणारच नाहीत.

कायद्याचं म्हणाल तर, सभासदानं टाकलेल्या मजकुराला, त्याच्याशी सामाईक हेतू नसेल तर, निव्वळ ॲडमिन म्हणून कुणी जबाबदार ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ साली म्हटलं आहे. पण आपण कर्नाटकात राहतो, आणि पोलिस ठाण्याची एक फेरीसुद्धा मानधनावर काम करणाऱ्या बाईला पुरेशी शिक्षा असते. म्हणून मोकळं लिहिता येणारा ग्रुप बंद करा म्हणते.

जे ज्येष्ठ सभासद सोडून गेले, त्यांना मेसेज पाठवू नका. घरी जा. जाताना त्यांना आवडेलसं एखादं पुस्तक न्या, आणि ग्रुपबद्दल पहिलं वाक्य तुम्ही बोला. इतकी वर्षं मराठी वाचनालयाची वर्गणी भरणारा कन्नड माणूस तुम्हाला एका निरोपानं परत मिळणार नाही. आणि वाचनालयाच्या वेळा, पत्ता, सुट्ट्या हे चॅनेलवर मराठीबरोबर कन्नडमध्येही द्या. यात कुणाची माघार नाही. तुमच्याच गावातल्या कितीतरी मराठी घरांतली पोरं आता कन्नड शाळेत आहेत, ती वाचतील.

तरुणांबद्दलही एक गृहीतक तपासून बघा. ते येत नाहीत की त्यांना हवं ते आपल्याकडे आहे हे त्यांना कळत नाही? मराठी माध्यमातून एसएसएलसी झालेला मुलगा पीयूसीला एकदम इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये जाऊन पडतो. पहिले सहा महिने त्याची काय अवस्था होते, हे तुम्ही जवळून पाहिलं असेल. त्याला विज्ञानाचे, वाणिज्यचे परिभाषा कोश हवे असतात आणि ते आहेत हे त्याला माहीत नसतं. स्पर्धा परीक्षांच्या मुलांना कन्नड पुस्तकं लागतात. कर्नाटकाच्या ग्रंथालय खात्याचं डिजिटल ग्रंथालय २०२० पासून मोफत आहे, कन्नड आणि इंग्रजी अभ्याससाहित्यासाठी त्यांना ते दाखवा. ग्रामपंचायतीचं वाचनालय गावात असेल तर तिथल्या ग्रंथपालांशी ओळख ठेवा, बऱ्याच ठिकाणी तिथं आता संगणक आले आहेत. त्यांच्याकडचं तुम्ही सांगा, तुमच्याकडचं त्यांनी सांगावं. निकालानंतरच्या आठवड्यात "पीयूसीला जाताय? हे घेऊन जा" असा एक फोटो टाका. अशा एका फोटोनं दहा रील्सपेक्षा जास्त मुलं येतील, असा माझा अंदाज आहे.

कोणतं माध्यम कशाला, हे थोडक्यात. गावातल्यांसाठी व्हॉट्सॲप. गाव सोडून पुण्यात, गोव्यात, बंगळुरूत गेलेल्या जुन्या सभासदांसाठी फेसबुक पेज. एखाद्या मासिकाची वर्षाची वर्गणी भरायला हीच माणसं पुढं येतात, फक्त त्यांना कुणी विचारत नाही. गूगल मॅपवर वाचनालयाची नोंद, वेळांसह, नाव मराठी-कन्नड-इंग्रजीत. हे एकदा केलं की झालं. इन्स्टाग्राम ज्या पोराला हौस आहे त्यानं करावं. मात्र सगळी खाती वाचनालयाच्या ईमेलवर उघडा, किमान दोन ॲडमिन ठेवा आणि पासवर्ड कार्यवाहांकडे पाकिटात बंद असू द्या. नाहीतर पोराला नोकरी लागते आणि पेज त्याच्याबरोबर जातं.

टाकायचं काय, याची फार चिंता नको. संध्याकाळी परत आलेल्या पुस्तकांच्या गठ्ठ्याचा फोटो टाका. परत आलेलं पुस्तक म्हणजे गावात कुणीतरी वाचलेलं, आणि लोकांना त्याचंच कुतूहल जास्त. दिवाळी अंक आले की ते. कडोली, येळ्ळूर, उचगावच्या साहित्य संमेलनांचे पाहुणे जाहीर झाले की त्यांची तुमच्याकडची पुस्तकं, संमेलनाच्या पंधरा दिवस आधी. सुप्रभात, सुविचार यातलं काही नको. मुलांचे फोटो टाकताना मात्र पालकांना विचारा. १८ वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती हवी, असं २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा म्हणतो, आणि कायदा नसता तरी विचारायला हवंच होतं. सभासद अर्जातच एक ओळ वाढवा.

लाइक मोजत बसू नका. देवघेवीच्या वहीत एक रकाना आखा, 'फोनवरून मागणी'. तीन महिन्यांनी तो कार्यकारिणीपुढं ठेवा. ती पोरं आकड्यांची भाषा बोलतात ना, मग हा आकडा त्यांना कळेल.

तुम्ही मागं पडलात का, याचं उत्तर त्या लोकरी माव्यानं दिलं आहे, मी वेगळं देत नाही. पण एक गोष्ट तुम्ही पत्रात कुठंच लिहिली नाहीत आणि मला ती खटकली. हे सगळं वाढीव काम त्याच मानधनात, घरच्या फोनवर, घरच्या रिचार्जवर चाललं आहे. बेळगावात १८४८ पासून सार्वजनिक वाचनालय चालतं, ते काही कुणा एकाच्या पदरमोडीवर नाही. पुढच्या बैठकीत तीन गोष्टी ठरावात घ्या : वाचनालयाचा स्वतंत्र नंबर आणि त्याचा रिचार्ज वाचनालयाच्या खर्चात, फोनच्या कामासाठी रोजचा एक ठराविक तास, तुमच्या वेळेतलाच, जास्तीचा नाही, आणि यादीचं काम करणाऱ्या दोन मुलांना काहीतरी मानधन. ज्यानं रील्सचा आग्रह धरला त्यालाच सूचक करा, आणि ठराव लिहून, वाचून दाखवून, सह्या घेतल्याशिवाय ग्रुपला हात लावू नका. अपवाद एकच, शिक्षिकेला त्रास देणारा तो नंबर. तो आजच काढा.